संघाबाहेरचा पिचिंग-प्रभारी

मंडळाचा सॉफ्टबॉल संघ होता आणि तो हरत असे. यात कुणालाच काही गैर वाटत नव्हते. ऑकलंडच्या पूर्व भागातल्या या महाराष्ट्र मंडळाने वार्षिक अहवालात संघाविषयी एक वाक्य कायमचे ठरवून टाकले होते : 'यंदाही आपल्या खेळाडूंनी चुरशीची झुंज दिली.' २००५ साली 'यंदाही' हा शब्द ठळक टाइपात घ्यावा अशी एक सूचना आली. ती पुढील कार्यकारिणीकडे विचारार्थ सोपवण्यात आली.

त्या वर्षी देशात सार्वत्रिक निवडणूक झाली आणि कुणालाही बहुमत मिळाले नाही. ऑक्टोबर उजाडला तरी वेलिंग्टनमध्ये पक्षांच्या बैठका चालूच होत्या. शेवटी सरकार आले तेव्हा त्यात एक नामी सोय होती. काही मंत्री मंत्रिमंडळाच्या बाहेर राहून मंत्री झाले होते. त्यांनी आपापले खाते सांभाळायचे, त्या खात्यापुरते सरकारच्या बाजूने बोलायचे आणि उरलेल्या सर्व विषयांवर सरकारवर टीका करायला मोकळे राहायचे. लोकांनी बातमी वाचली आणि पान उलटले. मंडळाचे अध्यक्ष धैर्यशील यांनी मात्र कात्रण कापून फ्रिजवर लावले.

मंडळात स्थापनेपासून एकही ठराव फेटाळला गेला नव्हता. याचे बरेचसे श्रेय खाद्य समितीच्या वासंतीताईंना जाते. ठराव वाचून झाला की बटाटेवडे येत. प्रत्येकाच्या एका हातात कागदी डिश आणि दुसऱ्या हातात चहाचा कप आला की अध्यक्ष विचारत, "ज्यांचा विरोध असेल त्यांनी हात वर करावा." हात वर होत नसे. ठराव बिनविरोध मंजूर होई. मग चटणी फिरे.

या मंडळात चंद्रहास नावाचा एक सभासद होता. माउंट वेलिंग्टनच्या एका कार्यालयात तो सॉफ्टवेअर टेस्टर होता. दुसऱ्यांच्या कामातल्या चुका शोधणे हा त्याचा व्यवसाय आणि बेसबॉल पाहणे हा छंद. त्यामुळे घरी आल्यावर त्याला वेगळे काही करावे लागत नसे. रविवारी सकाळी टीव्हीवर अमेरिकेतले सामने लागले की तो सोफ्यावरून दोन्ही संघांचे व्यवस्थापन पाही. एखाद्या मॅनेजरने चेंडू टाकून थकलेल्या पिचरला बदलायला उशीर केला, तर चंद्रहासचा चहा गार होई. राजकारणाविषयीही त्याची मते अशीच ठाम होती. निवडणुकीत त्याने या देशाच्या पद्धतीप्रमाणे उमेदवाराला एक मत आणि पक्षाला दुसरे, अशी दोन मते दोन वेगळ्या बाजूंना दिली होती. म्हणजे निकाल काहीही लागला तरी बोलायला तोंड उरते.

"या देशाला पंतप्रधान नको, बेसबॉलचा मॅनेजर हवा," तो पत्नीला सांगे. "खेळ जमला नाही, काढला. विषय संपला."

"इतकं कळतं तर जा की मैदानावर," इरावती म्हणे.

"मी विश्लेषक आहे."

"हो. आणि सोफ्याचा हा कोपरा खचलाय, त्याचंही एकदा विश्लेषण करा."

मात्र चंद्रहासबाबत एक गोष्ट न्यायाने नोंदवली पाहिजे. रोज संध्याकाळी तो सोफ्यावरून उठून शेजारच्या मैदानावर जाई आणि जुईचे चेंडू झेली.

जुई शेजारच्या सुचित्राची अठरा वर्षांची मुलगी. सुचित्रा शाळेत असताना जळगावकडून सॉफ्टबॉल खेळलेली; तिने लेकीला खालून हात फिरवून चेंडू कसा सोडायचा ते शिकवले होते. आता तो चेंडू असा येई की आईने ग्लोव्ह खाली ठेवला आणि ही जबाबदारी चंद्रहासकडे आली. त्याच्या डाव्या अंगठ्याचे नख गेल्या उन्हाळ्यापासून जांभळे होते. जुई नेम धरून चेंडू टाकी, ग्लोव्हमध्ये फट्‌ असा आवाज होई आणि चंद्रहास कळवळत म्हणे, "सुंदर! अजून एक!" त्या वेळी तो कुणावरही टीका करत नसे.

यंदा जुईची एक संधी होती. ऑकलंडच्या एकोणीस वर्षांखालील मुलींच्या संघाच्या निवडकर्त्या बाई मोसमाच्या पहिल्या शनिवारी मंडळाचा सामना पाहायला येणार होत्या. एकदाच येणार होत्या. जुईला पिचिंग करताना त्यांनी पाहिले, तर पुढचे दार उघडणार होते. पाहिले नाही, तर वयाच्या हिशेबाने पुढच्या वर्षी फार उशीर.

मंडळात तिच्याखेरीज कुणालाही चेंडू सरळ टाकता येत नव्हता. त्यामुळे निवडीचा प्रश्न सोपा आहे, असे चंद्रहास समजत होता.

संघनिवडीची सभा कम्युनिटी हॉलमध्ये भरली. धैर्यशील यांनी प्रास्ताविकात सांगितले की, आपण ज्या देशात राहतो त्याच्या लोकशाहीचा आपण आदर केला पाहिजे. म्हणून यंदापासून संघ आघाडी पद्धतीने चालेल. मंडळात पुण्याचा गट मोठा, मुंबईचा गट त्याहून किंचित लहान, आणि इथे शिकायला येऊन स्थायिक झालेल्यांचा गट सर्वांत लहान. म्हणून सर्वांत महत्त्वाचा. पुण्याकडे कर्णधारपद, म्हणजे खुद्द धैर्यशील. माजी अध्यक्ष काशिनाथ यांचे गुडघे गेले असले तरी त्यांचा मान गेलेला नव्हता, म्हणून ते संघाबाहेरचे कर्णधार. क्षेत्ररक्षण त्यांच्या अखत्यारीत. क्षेत्ररक्षण सोडून इतर सर्व बाबतींत संघावर जाहीर टीका करण्याचा त्यांचा हक्क राखून ठेवण्यात आला. वासंतीताईंच्या समितीने विश्वास आणि वडे या दोन मुद्द्यांवर बाहेरून पाठिंबा दिला.

राहता राहिले पिचिंग. ते मुंबई गटाचे नेते रमण यांनी मागितले.

"तुम्ही कधी टाकलाय चेंडू?" चंद्रहासने बसल्या जागेवरून विचारले.

"शिवाजी पार्कला टाकायचो."

"तो क्रिकेटचा."

"चेंडू तो चेंडू. यात प्रांतवाद आणू नका," रमण म्हणाले.

सात डावांची वाटणी आधीच झालेली होती. पहिले दोन डाव मुंबई पिचिंग करील, पुढचे दोन पुणे, पाचवा माजी विद्यार्थी, सहावा टोप्यांचे प्रायोजक असलेले मसाल्यांचे दुकानदार, आणि सातवा डाव सर्वांसाठी खुला. जुईने सातव्यासाठी अर्ज करावा, असे सुचवण्यात आले.

"पण ती सर्वांत चांगली पिचर आहे!" चंद्रहास म्हणाला.

"त्याबद्दल दुमत नाही," धैर्यशील शांतपणे म्हणाले. "प्रश्न ती कुठल्या गटाची हा आहे. आई जळगावची. आपल्याकडे खान्देशची घरं दोन. देशाच्या संसदेतसुद्धा पाच टक्क्यांच्या आतल्या पक्षाला जागा मिळत नाही. आपण संसदेपेक्षा उदार कसं होणार?"

सुचित्रा मागच्या रांगेत होती. "माझी मुलगी पक्ष नाहीये हो," ती म्हणाली. "मुलगी आहे."

"अपक्ष अशी नोंद घेतो," धैर्यशील म्हणाले आणि त्यांनी स्वयंपाकघराकडे पाहिले. वडे आले. "ज्यांचा विरोध असेल त्यांनी हात वर करावा."

तेव्हा मंडळाच्या इतिहासात कधी घडले नव्हते ते घडले. चंद्रहासने डिश शेजारच्या खुर्चीवर ठेवली, कप खाली ठेवला आणि हात वर केला.

हॉलमध्ये चघळण्याचा आवाज थांबला. वासंतीताई दारातच उभ्या राहिल्या. कुणीतरी हळूच विचारले, "वडा खराब आहे का?" धैर्यशील मात्र विचलित झाले नाहीत. विरोधकाचे काय करायचे, हे त्यांच्या फ्रिजवर लावलेले होते.

"अशाच अभ्यासू माणसाची उणीव होती," ते म्हणाले. "मी चंद्रहास यांना संघाबाहेरचे पिचिंग-प्रभारी म्हणून जाहीर करतो. पिचरविषयीचे सर्व निर्णय तेच घेतील, अर्थात आघाडीशी सल्लामसलत करून. आणि अट एकच. निर्णय झाला की तो सर्वांचा. बाहेर त्याच्याविरुद्ध बोलायचं नाही."

टाळ्या झाल्या. एक निळी टोपी पुढे आली. तिच्यावर 'प्रभारी' हा शब्द भरलेला होता. कशाचा प्रभारी, ते लिहायला वर जागा सोडलेली होती.

चंद्रहासने टोपी घातली. आत जाऊन बदल घडवता येतो, असे त्याला वाटले. आत गेलेल्या प्रत्येकाला तसेच वाटलेले असते. आत एवढी गर्दी असण्याचे तेच कारण आहे. त्याने खुर्चीवरची डिश उचलली. डावांची वाटणी ठराव म्हणून पुन्हा मांडण्यात आली आणि बिनविरोध मंजूर झाली.

दुसऱ्या दिवशी मैदानावर त्याने ही बातमी जुईला दिली. तिला मराठी सगळे समजे. बोलायला ती आळस करी.

"सो आय ॲम ऑन द बेंच," ती म्हणाली.

"बेंच नाही गं. राखीव. म्हणजे कसं, मौल्यवान गोष्टी राखून ठेवतात ना..."

"सेम बेंच, काका."

"सातवा डाव आहे ना तुझा. तोवर मी आत राहून काहीतरी करतो. पिचिंगचे सगळे निर्णय आता माझ्याकडे आहेत."

"देन जस्ट पिक मी."

"तसं नसतं. सल्लामसलत असते."

जुईने त्याच्या टोपीकडे पाहिले, मग चेंडूकडे. त्या दिवशी तिने टाकलेले चेंडू नेहमीपेक्षा जोरात आले. चंद्रहासला त्यातल्या एकालाही 'अजून एक' म्हणता आले नाही.

मंडळाच्या याहू ग्रुपवर सुचित्राने प्रश्न विचारला की, हे सर्व कशासाठी. पूर्वीच्या काळी असा प्रश्न चंद्रहासनेच विचारला असता. आता उत्तर देणे त्याच्याकडे आले. 'सर्वसमावेशक पिचिंग : काळाची गरज' या नावाची त्याची मेल इतकी लांब होती की ती शेवटपर्यंत कुणी वाचली नाही. म्हणून ती सर्वांना पटली.

शनिवार आला. मैदान उन्हाने धुतल्यासारखे झाले होते. प्रतिस्पर्धी बॉटनी डाउन्सचा एक हौशी संघ होता. त्यांचे प्रशिक्षक हेमी यांनी "किया ओरा, किया ओरा" म्हणत सर्वांशी हात मिळवले आणि विचारले की, तुमचा कर्णधार कोण. दोघे पुढे आले. निवडकर्त्या बाई पायांत जँडल्स, म्हणजे रबरी चपला, घालून घडीच्या खुर्चीवर बसल्या आणि त्यांनी विचारले, ती मुलगी कुठे आहे. त्यांना बेंच दाखवण्यात आले.

चंद्रहास संघाबाहेरचा असल्यामुळे डगआउटच्या, म्हणजे खेळाडूंच्या बसायच्या जागेच्या, जाळीबाहेर उभा होता.

रमण यांनी टाकलेला पहिला चेंडू जाळीवरून सॉसेज भाजणाऱ्यांत गेला. दुसरा काशिनाथ यांच्या दिशेने गेला. ते क्षेत्ररक्षणाचे प्रमुख असल्याने प्रतिस्पर्ध्यांच्या चाहत्यांत बसून मंडळाच्या पिचिंगवर टीका करत होते, ती त्यांनी क्षणभर थांबवली. सॉफ्टबॉलमध्ये चेंडू असे भलतीकडे गेले की फलंदाजाला फुकट पहिला बेस मिळतो, मग पुढचा फलंदाज येतो, त्यालाही मिळतो आणि आधीचे एकेक घर पुढे सरकत धाव काढतात. बॉटनी डाउन्सचे खेळाडू फिरायला निघाल्यासारखे मैदानाला चक्कर मारू लागले. एकाने बॅट झाडाला टेकवून ठेवली. डाव कधीतरी संपावा म्हणून शेवटी हेमींनी आपल्या लोकांना भलत्या चेंडूंवर बॅट फिरवून बाद व्हायला सांगितले.

दुसऱ्या डावात रमण यांनी टप्पा टाकून पाहिला. शिवाजी पार्कला तो वळत असे.

तिसऱ्या डावात पिचिंग पुण्याकडे आले. पुण्याने चेंडू टाकण्याआधी तो कसा टाकला जायला हवा, हे समजावून सांगितले. मग तो टाकला. फरक पडला नाही.

अंपायर जाळीपाशी आले. "धावांचा फरक फार झालाय," त्यांनी सांगितले. "आता तुमची फलंदाजी. यात भरून काढलं नाही, तर नियमाप्रमाणे सामना इथेच थांबवावा लागेल."

म्हणजे सातवा डाव येणारच नव्हता. निवडकर्त्या बाई उठून खुर्चीची घडी करू लागल्या. बेंचवर जुई ग्लोव्हमध्ये चेंडू आपटत बसली होती, फट्‌, फट्‌.

"चंद्रहास!" सुचित्रा पलीकडून ओरडली. "अहो, काहीतरी करा! प्रभारी आहात ना तुम्ही?"

चंद्रहासने केले. त्याने बैठक बोलावली.

सर्व गटांचे प्रतिनिधी बॅगांभोवती जमले. "चौथा डाव होणार असेल तर तो जुईला द्यावा," चंद्रहास म्हणाला. "मी टोपी काढून ठेवीन, नाहीतर."

"भावना योग्य आहे," धैर्यशील म्हणाले. "पण चौथा डाव पुण्याचा. पुण्याला त्याबदल्यात काय?"

"पाचवा आम्ही देणार नाही," माजी विद्यार्थ्यांचा प्रतिनिधी म्हणाला. त्याला सॉफ्टबॉल माहीत नव्हता. करार माहीत होता.

"माझे तर दोन्ही डाव वापरून झाले," रमण म्हणाले. "तेव्हा तत्त्व म्हणून मी पाठिंबा देतो."

ही चर्चा रंगात आली असताना हेमी तिथे आले. त्यांची पिचर नर्स होती आणि तिला इस्पितळातून फोन आला होता. ती ड्यूटीवर निघाली होती. हौशी सामन्यात माणूस कमी पडले तर समोरच्या संघाकडून उसने घेता येते. "ती बेंचवरची मुलगी," हेमींनी विचारले, "तुम्हाला लागणार आहे का?"

प्रतिनिधींनी एकमेकांकडे पाहिले. राखीव खेळाडू प्रतिस्पर्ध्याला देण्याविषयी करारात तरतूद नव्हती. तरतूद नव्हती म्हणून कुणाचा वाटा जात नव्हता. वाटा जात नव्हता म्हणून हरकतही नव्हती. पिचर बदलायला बैठक लागत होती. पिचर देऊन टाकायला लागत नव्हती.

जुई जाळीपाशी आली. "काका, कॅन आय?"

"करारात तसं काही म्हटलेलं नाही," चंद्रहास म्हणाला.

"सो दॅट्स अ येस?"

"म्हणजे... नाही असं नाही."

"स्वीट ॲज," जुई म्हणाली आणि दुसऱ्यांचा शर्ट अंगावर चढवून मैदानात गेली.

पहिले फलंदाज धैर्यशील होते. जुईचा हात फिरला. कॅचरच्या ग्लोव्हमध्ये फट्‌ असा आवाज झाला आणि निवडकर्त्या बाई गाडीच्या दाराला हात लावता लावता थांबल्या. धैर्यशील यांनी दुसऱ्या चेंडूवर बॅट फिरवली तेव्हा तो कॅचरकडून परत निघाला होता. तिसऱ्यावर त्यांनी चर्चेची तयारी दाखवली, पण अंपायरने त्यांना बाद ठरवले. पाठोपाठ रमण बाद झाले. माजी विद्यार्थी स्वतःहून बाजूला झाला. प्रत्येक चेंडूला जाळीबाहेर उभ्या असलेल्या चंद्रहासचा डावा अंगठा आपोआप आत वळत होता. एकदा त्याच्या तोंडून "सुंदर!" निघाले. आपण कुठल्या बाजूने उभे आहोत ते आठवून त्याने टोपी सारखी केली.

सामना संपला. बैठकही संपली. चौथा डाव जुईला देण्याचे एकमताने ठरले होते.

निवडकर्त्या बाई परत आल्या आणि त्यांनी विचारले, "ही कुठल्या क्लबची?"

"आजपुरती आमची," हेमी म्हणाले.

जुईची ऑकलंडच्या संघात निवड झाली. बातमी कळताच मंडळाने याहू ग्रुपवर निवेदन दिले. ते प्रभारींनी लिहिले, कारण त्यांचेच ते खाते. प्रतिस्पर्धी संघात राहून कामगिरी करण्याची संधी नव्या पिढीला देण्याचे आपले दूरदर्शी धोरण यशस्वी झाले, असे त्यात म्हटले होते. इरावतीने स्क्रीनवर ते वाचले.

"हे तुम्ही लिहिलंत?"

"आघाडीच्या वतीने."

"टीव्हीवरचा एखादा मॅनेजर असं बोलला असता, तर काय म्हणाला असतात?"

त्या रविवारी चंद्रहासने बेसबॉलऐवजी हवामानाच्या बातम्या पाहिल्या.

पुढच्या महिन्यात हॉलमध्ये जुईचा सत्कार झाला. शाल दिली, नारळ दिला. प्रत्येक गटाला भाषणासाठी वेळ वाटून दिला होता आणि तो पुरेपूर वापरला गेला, म्हणून सत्कारमूर्तीला बोलता आले नाही. शेवटी धैर्यशील यांनी ठराव वाचला : 'कु. जुई हिच्या यशाचे श्रेय आघाडी पद्धतीच्या संघरचनेला देण्यात येत असून, हीच रचना यापुढेही कायम राहील. तसेच कु. जुई हिला मंडळाची कायमस्वरूपी राखीव पिचर हा सन्मान देण्यात येत आहे.'

म्हणजे मंडळाकडून ती पुन्हा कधीच चेंडू टाकणार नव्हती. हे हॉलमधल्या प्रत्येकाला समजले. सुचित्राने तोंड उघडले, तेवढ्यात वासंतीताईंनी तिच्या हातात डिश ठेवली आणि प्रेमाने म्हटले, "आधी खाऊन घे गं, लेकीचं कौतुक आहे."

"ज्यांचा विरोध असेल त्यांनी हात वर करावा," अध्यक्ष म्हणाले.

चंद्रहास पहिल्या रांगेत होता. प्रभारींना आता दोन वडे मिळत. जुई खांद्यावरची शाल सावरत त्याच्यापाशी आली. तिचे दोन्ही हात रिकामे होते; नारळ तिने कुठेतरी ठेवून दिला होता. तिने त्याच्या डाव्या अंगठ्याकडे पाहिले. नख अजून जांभळेच होते.

"काका," ती स्वच्छ मराठीत म्हणाली, "तुमची डिश मी धरू?"

चंद्रहासने हॉलकडे पाहिले. धैर्यशील वाट पाहत होते. रमण चटणी मागत होते.

"नको," तो म्हणाला. "गरम आहे गं. तुला चटका बसेल."

ठराव बिनविरोध मंजूर झाला. हे वाचून ज्यांना चंद्रहासचा राग आला असेल, त्यांचा विरोध नोंदवून घ्यायला मंडळ अजूनही तयार आहे. त्यासाठी त्यांनी फक्त हात वर करावा. हातात जे काही असेल ते आधी खाली ठेवावे लागेल, एवढेच.